जागा आधी, मांजर नंतर: घरच्या मांजराचे चांगले फोटो काढायचे कसे

आमच्या घरात दोन मांजरं आहेत. बुक्का हा बोका, नावाप्रमाणे काळाकुट्ट. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पांढरा केस औषधालाही सापडणार नाही. साय ही भाटी, पांढरीशुभ्र, फक्त शेपटीवर तांबूस झाक, दूध जरा जास्त आटल्यासारखी. बुक्का आला त्या वर्षात मी त्याचे हजारेक फोटो काढले असतील. त्यातल्या निम्म्याहून अधिक फोटोंत एक काळा ढग आहे आणि त्यात दोन हिरवे दिवे. उरलेल्यांत शेपूट. घरच्या ग्रुपवर एक टाकला तर मामीने विचारलं, "पिशवी आहे का गं ती?"

तेव्हा मी काय करायचे, तर मांजर गोड बसलेलं दिसलं की फोन शोधायला धावायचे. फोन घेऊन परत येईपर्यंत मांजर उठलेलं. मग त्याला उचलून पुन्हा त्याच जागी ठेवायचं, तो पुन्हा उठणार, मी पुन्हा ठेवणार. असा एक आठवडा गेला की मांजर फोन हातात दिसला तरी पलंगाखाली जातं. हे सगळं उलटं करायला लागल्यापासून फोटो सुधारले. मांजराला फोटोपाशी आणायचं नाही. ते आपणहून जिथे येऊन बसणार आहे तिथे फोटो आधीच मांडून ठेवायचा आणि वाट बघायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. महागडा कॅमेरा लागत नाही, गेल्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा फोन चालेल.

पहिली पायरी: तीन दिवस फक्त बघा

मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं आणि जागं असतं तेव्हाही त्याचं वेळापत्रक पक्कं असतं. अंगात येतं ते साधारण पहाटे आणि तिन्हीसांजेला. मधल्या वेळेत ते ठरलेल्या जागा बदलत राहतं, आणि त्या जागा आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असतात. तीन दिवस कागदावर लिहून ठेवा: किती वाजता, कुठे, आणि तिथे उजेड कसा आहे.

माझी फ्रिजवर लावलेली यादी अशी होती. सकाळी पावणेआठ, साय, हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर, कबुतरं बघत. अकरा, बुक्का, वॉशिंग मशीनवर, कपडे चालू असतील तर नक्कीच. साडेचार, दोघंही गॅलरीत उन्हाच्या पट्ट्यात. सात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, कारण दूध तापतं. यातली वॉशिंग मशीनची जागा अंधारी, गॅलरीतलं ऊन फार कडक, आणि स्वयंपाकघरात पायात पायात. उरली पावणेआठची खिडकी. माझे चांगले म्हणावेत असे बहुतेक फोटो त्या एका दीड फुटाच्या कट्ट्यावरचे आहेत. तुमच्याही घरात अशी एक जागा असेलच.

दुसरी पायरी: जागा मांडा

मांजर नसताना त्या जागेचा एक फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. डोळ्यांना कधी न दिसलेल्या गोष्टी तिथे हजर असतात: चार्जरची वायर, खुर्चीवरचा ओला टॉवेल, गोळ्यांची स्ट्रिप, कॅलेंडरवरची दुधाची खूण. त्या हलवा. सगळं घर आवरायची गरज नाही, चौकटीत येतं तेवढंच.

मग खाली काय अंथरायचं ते ठरवा. काळ्या मांजराला फिकट, पांढऱ्याला गडद. बुक्कासाठी मी आईच्या जुन्या मोतिया रंगाच्या साडीची घडी ठेवते, सायसाठी विटकरी सतरंजी. ठिकठिकाणी तुकडे जोडलेली गोधडी फोटोत सुंदर दिसते, पण तिच्यावर तिरंगी मांजर बसवलंत तर मांजर शोधावं लागेल. नवीन वस्तू ठेवायची असेल तर आदल्या दिवशीच ठेवा. मांजर आधी तिचा वास घेणार, तिच्याभोवती फिरणार, गाल घासणार, आणि मगच तिच्यावर बसणार. ऐन वेळी अंथरलेल्या कापडावर बसलेल्या मांजराच्या चेहऱ्यावर "हे काय नवीन" असाच भाव असतो.

जमिनीवर फोटो काढणार असाल तर बसायची जागा भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ओढा. मांजर भिंतीला टेकलेलं असलं की भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा फोटोत येतो. मध्ये अंतर पडलं की मागचं आपोआप मऊ होतं.

सजावटीच्या बाबतीत तीन गोष्टींना सक्त मनाई. लिलीची फुलं मांजराला अतिशय विषारी असतात, पराग अंगावर पडून ते चाटले गेले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फुलदाणीत लिली असेल तर ती खोलीतूनच बाहेर काढा. रिबन, दोरा, गणपतीच्या मखराच्या चमकत्या झिरमिळ्या मांजर गिळतं आणि त्या आतड्यात अडकतात. आणि गॅलरीच्या कठड्यावर मांजर बसवून, मागे आकाश घेऊन फोटो काढायचा मोह तर बाजूलाच ठेवा.

तिसरी पायरी: उजेड

इथे थोडं रेंगाळू, कारण खरं काम इथेच आहे.

सगळ्यात चांगला उजेड खिडकीचा, पण थेट उन्हाचा नव्हे. मांजर खिडकीजवळ, खिडकी त्याच्या एका बाजूला, तुम्ही समोर. म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी हलक्या सावलीत येते. त्यानेच गाल, नाकाचा उंचवटा, केसांचे थर दिसतात. खिडकीला पाठ करून तुम्ही उभे राहिलात तर उजेड सरळ तोंडावर पडून चेहरा चपटा दिसतो, शिवाय तुमचीच सावली मांजरावर.

मांजर यायच्या आधी एक सोपी चाचणी करा. त्याच्या बसायच्या जागी आपली मूठ धरा आणि हळूहळू फिरवा. बोटांच्या पेरांवर सावलीची कड कशी पडते ते बघा. कड सुरीसारखी धारदार असेल तर उजेड कडक आहे. उजळ भागातून गडद भागाकडे हळूहळू उतरत गेली तर फोटो काढायला बसा. मुठीवर जे दिसतं तेच मांजराच्या गालावर दिसणार.

कुठली खिडकी? उत्तरेची मिळाली तर देव पावला. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तिच्यातून थेट ऊन येतच नाही, दिवसभर एकसारखा शांत उजेड असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरीप डोकावते, आणि मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे दोन शून्य सावलीच्या दिवसांच्या मधल्या काळात, भर दुपारचा सूर्यही आपल्या किंचित उत्तरेला असतो. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी नऊपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारनंतर ऊन आत घुसतं. तेव्हा गजांना एक पातळ पांढरं सुती कापड बांधा. आमच्याकडे आजोबांचं धोतर आहे. बाजारातले पांढरे पडदे धोतराइतका मऊ उजेड देत नाहीत असं माझं मत आहे, आणि धोतर फुकट होतं हेही खरं.

पावसाळ्यात धोतराचीही गरज नाही. जुलैतलं भरून आलेलं आभाळ म्हणजे डोंबिवलीपासून कर्जतपर्यंत ताणलेलं एकच पांढरं कापड. लोक म्हणतात पावसाळ्यात फोटो काय काढायचे. माझे अर्धे अल्बम पावसाळ्यातले आहेत. मांजरं बाहेर जात नाहीत, खिडकीत बसून पागोळ्या बघतात, आणि उजेड दुपारी बारालाही मवाळ असतो.

सावलीतली बाजू फारच काळवंडत असेल तर त्या बाजूला पांढरा कार्डपेपर किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो. स्टीलचं ताट वापरून बघू नका; त्याने भलतीकडेच चकाकता ठिपका पडतो आणि मांजर तो ठिपका पकडायला पळतं. कबुतरांची जाळी लावली असेल तर दुपारच्या उन्हात तिच्या चौकड्या मांजराच्या अंगावर उमटतात. एखाद्या फोटोत मजा येते, प्रत्येक फोटोत नाही.

खिडकीशी फोटो काढताना खोलीतले दिवे बंद करा. बाहेरचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की पांढरं मांजर अर्धं निळं, अर्धं हळद लावल्यासारखं दिसतं. रात्री फक्त दिव्यावर काढायचे असतील तर आणखी एक अडचण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, फोनच्या वेगवान शटरला कळतं, आणि फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सगळं हाताने ठरवता येतं तिथे, शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला की पट्टे जातात. पण एवढ्या संथ शटरला मांजर झोपलेलंच हवं.

फ्लॅश नको. मांजराच्या डोळ्यांत पडद्याच्या मागे उजेड परतवणारा एक थर असतो. अंधारात दिसावं म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. समोरून फ्लॅश मारला की तो थर सगळा उजेड आपल्याकडे फेकतो, म्हणून ते दोन हिरवे दिवे. मामीची पिशवी यातूनच जन्माला आली.

उजेडाचा डोळ्यांच्या बाहुल्यांवरही परिणाम होतो. कडक उन्हात त्या उभ्या चिरेसारख्या होतात आणि अगदी शांत मांजरही हिशेब मागायला आल्यासारखं दिसतं. मवाळ उजेडात त्या गोलसर होतात, चेहरा लाडिक होतो. तुम्हाला कुठला चेहरा हवा त्याप्रमाणे मांजर खिडकीच्या किती जवळ हवं ते ठरवा. फूटभर आत सरकलं तरी फरक पडतो. डोळ्यांच्या वरच्या भागात खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसतोय ना, तेवढं बघून घ्या. तो नसेल तर डोळे मेल्यासारखे वाटतात.

चौथी पायरी: खाली बसा

उभ्याने काढलेला फोटो म्हणजे माणसाला रोज दिसतं ते मांजर: मोठं डोकं, खाली बारीक पाय. कॅमेरा मांजराच्या डोळ्यांच्या रेषेत आणला की फोटो एकदम बदलतो. वॉल्टर चँडोहा नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरला १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्फात एक भटकं पिल्लू सापडलं. त्याने ते कोटात घालून घरी नेलं, त्याचं नाव लोको ठेवलं, आणि पुढे २०१९ मध्ये वयाच्या ९८व्या वर्षी वारेपर्यंत मांजरांचे ९० हजारांच्या आसपास फोटो काढले. त्याच्या फोटोंत जमिनीलगतचा कॅमेरा सारखा दिसतो, आणि मागून येणारा उजेडही, ज्याने केसांच्या कडेला चांदीची रेघ उमटते. ही चांदीची रेघ तुम्हालाही मिळू शकते. संध्याकाळी खिडकी मांजराच्या मागे तिरपी ठेवा आणि समोर कार्डपेपर धरा.

जमिनीवर फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते आणि पोटावर झोपायची वेळ येत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर मांजराच्याच उंच जागा निवडा. फ्रिज, कपाट, टेबल, खिडकीचा कट्टा. मांजरं तशीही आपल्यापेक्षा वरच्या मजल्यावर राहतात. फ्रिजवरच्या बुक्काचे फोटो मी खुर्चीवर बसून, चहा पीत काढलेले आहेत.

पाचवी पायरी: फोन तयार ठेवा

आधी लेन्स पुसा. खिशातल्या, पर्समधल्या फोनवर बोटांचं तेल असतंच, आणि खिडकीसमोर त्याचा धुरकट पडदा होतो. सुती रुमाल पुरतो.

०.५ची रुंद लेन्स मांजराच्या जवळ नेऊ नका, नाक बटाट्याएवढं येतं. दोन फूट मागे सरकून झूम २ वर ठेवा, चेहरा प्रमाणात येतो आणि मांजरालाही तुमची अडचण होत नाही. मांजराच्या डोळ्यावर बोट टेकवा, दोन डोळ्यांपैकी जो तुमच्या जवळ आहे त्यावर. बोट जरा दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो. मग शेजारी दिसणारा सूर्याचा खुणेचा दांडा खालीवर करून उजेड कमीजास्त करता येतो. हा दांडा पुढच्या पायरीत कामी येणार आहे.

एकाऐवजी सलग फोटो काढा. काही फोनमध्ये शटरचं बटण दाबून ठेवायचं असतं, काहींत ते बाजूला किंवा खाली ओढायचं. तुमच्यात काय आहे ते आज रिकाम्या वेळात उशीवर करून बघा, मांजरासमोर शोधत बसू नका. शटरचा आवाज बंद करा. प्रो मोड असेल तर बसलेल्या मांजराला १/२५०, खेळणाऱ्याला १/५०० ते १/१०००.

पोर्ट्रेट मोडबद्दल सांगायचं तर मला तो फारसा आवडत नाही. मिशा म्हणजे मांजराचा अर्धा रुबाब, आणि फोन त्या पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. कानातले केसही जातात. मागे भिंतीपासून अंतर ठेवलं असेल तर त्याची गरजही पडत नाही.

मोठा कॅमेरा असणाऱ्यांसाठी इतकंच: ५० मिमीची साधी लेन्स पुरते, पण ॲपर्चर पूर्ण उघडून नाक स्पष्ट आणि डोळे अस्पष्ट असे फोटो काढू नका. एफ/२.८ ते एफ/४ ठेवा. प्राण्यांचे डोळे ओळखणारा फोकस असेल तर चालू करा.

काळं मांजर, पांढरं मांजर

कॅमेऱ्याचा स्वभाव समजला की हे कोडं सुटतं. त्याला मांजर दिसत नाही, फक्त उजेड दिसतो, आणि समोर जे काही असेल ते सरासरी करड्या रंगाचं असणार असं तो धरून चालतो. चौकट भरून काळं मांजर आलं की त्याला वाटतं फारच अंधार झाला, तो उजेड वाढवतो. बुक्काचा होतो राखाडी बोका, आणि साडी पांढरीफटक. साय चौकट भरून आली की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो, आणि साय दिसते पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी.

उपाय त्या दांड्यात. काळं मांजर चौकट भरून असेल तर दांडा थोडा खाली ओढा. पांढरं असेल तर थोडा वर. आपल्या मनाला हे उलटं वाटतं, आणि म्हणूनच इथे बहुतेकांचं चुकतं. मात्र काळं मांजर चौकटीत लहान आणि मागे लख्ख खिडकी असेल तर गणित फिरतं. कॅमेरा खिडकी बघून सगळंच अंधारं करतो, मांजराची नुसती आकृती उरते. तिथे दांडा वर न्यावा लागतो, किंवा त्याहून चांगलं म्हणजे तुम्हीच कोन बदलून खिडकी चौकटीबाहेर काढा.

काळ्या मांजराला बाजूचा उजेड फार महत्त्वाचा. समोरून उजेड आला तर तो केसांत बुडून जातो. बाजूने आला तर केसांच्या टोकांवर चमक उठते आणि खांदा कुठे संपला, मान कुठे सुरू झाली ते कळतं. पहिल्यांदा असा फोटो आला तेव्हा मला दिसलं की बुक्का निव्वळ काळा नाहीच. उन्हाळ्यात त्याच्या कुशीवर गडद तपकिरी छटा असते, आणि तिच्यात अगदी पुसट पट्टे. दोन वर्षं रोज मांडीवर घेऊन बसले होते, तरी दिसले नव्हते.

पांढऱ्या मांजराच्या बाबतीत उलटी काळजी. दांडा वर नेताना छातीवरचे केस वेगवेगळे दिसताहेत तोवर थांबा. तिथे नुसता पांढरा डाग झाला तर नंतर कुठल्याही ॲपने ते केस परत येत नाहीत.

सहावी पायरी: लक्ष वेधा, पण काटकसरीने

कुठलाही नवीन आवाज मांजरावर दोन-तीनदा चालतो. पहिल्यांदा कान टवकारतात, दुसऱ्यांदा मान वळते, तिसऱ्यांदा "कळलं, तूच आहेस" म्हणून पंजा चाटायला सुरुवात. म्हणून आवाज आधी वापरू नका. बसणं, उजेड, फोकस सगळं जमल्यावर एकदाच: खाऊच्या पाकिटाची चुरचुर, नखाने लाकडावर खरवडणं, जिभेचा टक् आवाज. सुकटीची पिशवी हे आमच्याकडचं ब्रह्मास्त्र. ती उघडायची नाही, नुसती फोनच्या मागे धरायची. उघडली तर चौकटीत फक्त नाक येईल, आणि नंतर पडदे धुवावे लागतील.

नजर हवी तिकडे न्यायला केरसुणीची एक हीर पुरते. लेन्सच्या वर तिचं टोक किंचित थरथरवा. मांजराला स्थिर वस्तूपेक्षा हालचाल फार लवकर दिसते, आणि नाकासमोरच्या वीतभर अंतरात तर त्याला धड दिसतच नाही, तेव्हा हीर तोंडात खुपसू नका. लेझरचा ठिपका टाळा, डोळ्यांत गेला तर इजा होते.

काही मांजरांना लेन्स म्हणजे टक लावून बघणारा मोठा डोळाच वाटतो. अशा वेळी फोन छातीशी खाली घ्या, मांजराकडे बघून डोळे हळूच अर्धवट मिटा आणि हळूच उघडा. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी हे तपासलं होतं: माणसाने असे डोळे मिटले तर मांजरंही तसे मिटतात, आणि अनोळखी माणसाजवळही यायला जास्त तयार होतात. सायवर हे हमखास चालतं. बुक्का जांभई देतो. तोही फोटो वाईट नसतो.

एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. शेपूट आपटायला लागली, कान मागे चपटे झाले, पाठीची कातडी थरथरली की दुकान बंद. शेवटी खाऊ द्यायचाच, फोटो आले नाहीत तरी. पुढच्या वेळी फोन दिसल्यावर पलंगाखाली जायचं की नाही हे त्या खाऊवर ठरतं. १९४८ मध्ये फिलिप हाल्समन या फोटोग्राफरने चित्रकार साल्वादोर दालीचा हवेत उडी मारतानाचा एक गाजलेला फोटो काढला, त्यात तीन मांजरं आणि बादलीभर पाणी हवेत उडालेलं आहे. पंचवीसहून जास्त वेळा ती मांजरं फेकली, पकडली, पुसली, पुन्हा फेकली. फोटो भन्नाट आहे. तसं काही करायचं नाही.

खेळाचे फोटो

उडी मारणाऱ्या मांजराच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नका. उडी कुठे संपणार ती जागा ठरवा, तिथे फोकस दाबून पक्का करा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हीर घेऊन त्या जागेवर बसवा. तुम्ही फक्त सलग फोटो घ्यायचे. भरपूर उजेड हवा, म्हणजे गॅलरी किंवा मोठी खिडकी. उडीपेक्षा उडीच्या आधीचा क्षण मला जास्त आवडतो: कान ताठ, बाहुल्या गोल, ढुंगण दोन्हीकडे हलतंय. तो दोन-तीन सेकंद टिकतो, त्यामुळे साध्या फोनवरही मिळतो.

पिल्लं असतील तर

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आकडा सोडा, पण वारंवार त्रास झाला की भाटी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते हे खरं. फोटोसाठी खोका ओढायचा, पिल्लं हातात घेऊन ओळीत मांडायची हे पहिले काही आठवडे नको. डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. सुरुवातीला सगळ्यांचेच निळे असतात, आणि खरा रंग सहा-सात आठवड्यांनंतर हळूहळू उतरू लागतो. ती निळाई हवी असेल तर चौथा-पाचवा आठवडा बरा, तोवर पिल्लंही खोक्याबाहेर लुटुलुटु यायला लागलेली असतात. दार उघडून, दूर बसून, २ किंवा ३ च्या झूमवर काढा. आई बाहेर येऊन तुमच्या पायाला घासून गेली की परवानगी मिळाली समजा.

शेवटचं काम: निवड आणि प्रिंट

त्याच दिवशी फोटो निवडू नका, त्या दिवशी सगळेच गोड वाटतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोटो डोळ्यापर्यंत मोठा करून बघा. डोळा स्पष्ट नसेल तर काढून टाका, बाकी कितीही छान असलं तरी. अपवाद फक्त एक: मांजर काहीतरी अचाट करताना सापडलं असेल तर.

ॲपमध्ये फार काही करायचं नसतं. चौकट कापताना शेपटीचं टोक किंवा पंजा अर्धवट तुटणार नाही असं बघा. आत घ्या, नाहीतर चांगला मोठा भाग सोडून चेहऱ्यावरच या. डोळ्यांच्या कडेला आलेली घाण नंतर पुसत बसण्यापेक्षा आधीच ओल्या कापसाने पुसलेली बरी. काळ्या मांजरासाठी सावल्या किंचित उचला. केस गुळगुळीत करणारे फिल्टर लावू नका, मांजर प्लॅस्टिकचं होतं. डोळ्यांचा रंग वाढवायचा मोह होतो, तिथे दांडा जितका न्यावासा वाटतो त्याच्या निम्म्यावर थांबा.

आणि वर्षातून पाच-सहा तरी प्रिंट काढा. ४×६ स्वस्त पडतो, पण भिंतीवर लावायचा तर ८×१० घ्या. काळ्या मांजराला मॅट कागद, चकचकीत कागदावर बुक्कापेक्षा समोरची ट्यूबच जास्त दिसते. देताना एक गोष्ट आवर्जून सांगा: दुकानातलं यंत्र उजेड आपोआप सुधारतं, ते बंद ठेवायला लावा. मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. फोनच्या दांड्याशी महिनाभर झगडून काळा केलेला बुक्का प्रिंटमध्ये पुन्हा राखाडी होऊन आला. तो फोटो मामीकडे आहे. तिला तो फार आवडतो, बुक्का अगदी स्पष्ट दिसतो म्हणते.